भरड

जिनिंग बंद पडली तेव्हा भंगारात
एक शाफ्ट होता, अडीच इंची.
सोळा वर्षं मीच त्याला ग्रीस पाजलेलं.
वजनावर विकत घेतला.
काट्यावरचा पोरगा म्हणाला, काय करता याचं काका?
म्हटलं, पाहू.

घाटंजीच्या वसीमभाईच्या लेथवर
त्याचे दोन रूळ झाले.
नर्लिंग करताना वसीमभाई बोलत नाही,
गालात सुपारी, भुवयांवर लोखंडाची धूळ.
काढून हातात दिले तेव्हा गरम होते
आणि अंगभर खरखरीत,
मांजरीच्या जिभेसारखे.

बाकी सगळं घरचंच.
तेलाचा पंधरा किलोचा डबा उलटा कापून
वर चाडं बसवलं, तिफणीला असतं तसं.
बाभळीची चौकट. मुठीला सायकलचं पायडल.
बेअरिंग तेवढे नवे घेतले,
बेअरिंगमध्ये चिंगूसपणा केला
की यंत्र रात्री रडतं.

चंद्रकलेनं जवारी भिजवली,
ओल्या पोत्यात तिसऱ्या दिवशी तिला शेपट्या फुटल्या.
स्लॅबवर वाळवून, मुळ्या चोळून, पाखडून
तिनं सूप माझ्यापुढं ठेवलं.
"बिअरच प्यायची तर यवतमाळात दुकानं नाहीत काय?"
आहेत ना.
पण त्या बाटलीत आपली जवारी नाही.
"मंग माझ्या हातची अंबील काय वाईट होती?"
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
मी रूळ पुसत बसलो.

हातानं दहा किलोला दीड तास.
खांदा म्हणाला, बापा, आता पुरे.
म्हणून कुंदाबाई मास्तरणीच्या
मेलेल्या वॉशिंग मशीनची मोटर आणली,
जिवंत होती ती, मेलं होतं फक्त टब.
थेट जोडली. बटन दाबलं.
मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे!
अंगणभर पांढरं धुकं,
तुळस पिठाची, कुत्रं पिठाचं,
आणि माझ्या मिशीकडं बघून चंद्रकला
ओसरीवर बसून, पोट धरून.

त्या पिठाचा काढा गाळताना फडकं तुंबलं.
रात्री अकरापर्यंत थेंब थेंब.
शेवटी सगळी लापशी म्हशीपुढं ठेवली,
तिनं मान वर करून
प्रथमच माझ्याकडं आदरानं पाहिलं.

मग मळणीयंत्राची जुनी पुली, बारा इंची.
मोटरला दोन इंची. मध्ये पट्टा.
चौदाशे चाळीसचे झाले दोनशे चाळीस.
बैल गाडीला जुंपला की चालतो
तशी चाल आली.

आता रुळांमधली फट.
माझं माप: हॅक्सॉची एक पात
आणि कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा जाड कागद.
चंद्रकलेचं माप: चिमूटभर तळहातावर घेऊन
हळू फुंकर.
उडालं ते पीठ, उरलं ते पाहायचं.
"साबूत आहे अजून. जरा आवळ."
अर्धा आटा.
"लय झालं. सोड."
पाव आटा.
"हां."
एका दाण्याचे तीन-चार तुकडे,
ना पीठ, ना दाणा.
पात मी खिशात ठेवली. परत काढली नाही.

लाइन आली रात्री साडेअकराला.
सगळी आळी झोपलेली,
आमच्या अंगणात पट्ट्याची फडफड
आणि डब्यातून जवारी उतरते तो आवाज,
वाळूवरून कुणी अनवाणी जातंय असा.
दहा किलो, आठ मिनिटं.
शेवटच्या मुठीला लाइन गेली,
तरी रूळ थोडा वेळ फिरतच राहिले
आपल्याच वजनानं.

ड्रम आता कोठीत आहे.
नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत,
मिनिटा-दोन मिनिटांनी एक बुडूक.
कशी होईल, माहीत नाही.
चंद्रकला म्हणते आंबट होईल,
आणि जाता-येता झाकणाला कान लावते.

रविवारी वसीमभाई आला.
तो पीत नाही. ड्रमकडं पाहिलंही नाही.
उकिडवा बसून रुळांवरून अंगठा फिरवला,
एकदा इकडून, एकदा तिकडून.
"दात टिकतील," म्हणाला,
आणि बकरीसाठी
ओंजळभर भरड रुमालात बांधून घेऊन गेला.